वाइन-आस्वाद आणि खाद्यसंगती

वाइनचा रंग, गंध, चव आणि पोत यांकडे लक्ष देऊन ती समजून घेण्याची, आणि त्यावरून तिच्यासोबत काय खावे हे ठरवण्याची रीत. नवख्या माणसाला वाटते की चेरी, तंबाखू, ओली माती असे वास पेल्यात ओळखता आले म्हणजे आस्वाद साधला. वासांची नावे नंतर येतात. आधी आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि अल्कोहोल या चार गोष्टी तोंडात वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. जेवणाशी वाइनचे जमणार की बिनसणार, हे बहुतांशी त्यांच्यावरच ठरते.

पेला एक-तृतीयांशच भरतात, म्हणजे वाइन गोल फिरवायला आणि गंध कोंडायला जागा राहते. वर निमुळता होत जाणारा ट्यूलिपच्या आकाराचा पेला यासाठीच वापरतात. आस्वादाच्या अशा पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ मध्ये ठरले. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला की कडेचा रंग दिसतो. पांढरी वाइन वयानुसार गडद सोनेरी होते, तर लाल वाइन फिकट होत विटकरी रंगावर येते. मात्र डोळ्यांवर फार विसंबू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील बोर्दो येथील एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले.

आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग गंधच असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्यावा: आंबट, गोड, तुरट एवढेच कळते. चिमटी सोडताच घशामागून वास नाकात चढतो आणि फळ, लोणी, लाकूड सगळे एकदम उमलते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला, तर दोष बहुधा बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोॲनिसोल या रसायनाचा असतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम त्याला पुरतात. अशी वाइन अपायकारक नसते, पण तिचा फळाचा गंध मेलेला असतो. उपाहारगृहात सुरुवातीला थोडी वाइन ओतून देतात ती असा दोष तपासण्यासाठी. दोष जाणवला तर बाटली निःसंकोच परत करावी.

तुरटपणा द्राक्षांच्या साली, बिया आणि ओकच्या पिंपांतून उतरणाऱ्या टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून बसते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि कच्चे केळे खाल्ल्यासारखी तोंडाला मिठी बसते. आंबटपणामुळे उलट लाळ सुटते. घोटानंतर तोंड कोरडे पडले की पाणावले, एवढे पाहिले तरी दोहोंची गल्लत होत नाही. तापमानही इथे महत्त्वाचे: लाल वाइन साधारण १५ ते १८ अंश सेल्सियसला चांगली लागते. फार थंड झाली तर तुरटपणा बोचतो, फार गरम झाली तर अल्कोहोल नाकात झोंबते. पांढरीला ८ ते १२ अंश पुरे.

खाद्यसंगतीचे मर्म एका छोट्या प्रयोगात सापडते. तुरट लाल वाइनचा घोट घ्यावा, मग लिंबाचा थेंब आणि मिठाची कणी जिभेवर ठेवून पुन्हा घोट घ्यावा. तीच वाइन आता मऊ आणि फळाळ लागते. याउलट गोड पदार्थानंतर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट आणि रोडावलेली वाटते. म्हणून वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, हा नियम सहसा मोडू नये. चरबी आणि प्रथिने भरपूर असलेल्या मांसासोबत टॅनिनचा करकरीतपणा सुसह्य होतो. तिखटासोबत मात्र जास्त अल्कोहोलची वाइन आग वाढवते. तेथे कमी अल्कोहोलची, किंचित गोड रीसलिंग ही पांढरी वाइन बरी.

माशासोबत पांढरीच, या जुन्या संकेतामागे अंधश्रद्धा नाही. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये स्कॅलॉप या शिंपल्यासोबत वेगवेगळ्या वाइन चाखून पाहिल्या, तेव्हा वाइनमधील लोहामुळे माशाचा उग्र वास मागे रेंगाळतो असे आढळले. लोह लाल वाइनमध्ये बहुधा जास्त असते. पण ते कमी असलेली लाल वाइन माशासोबत चालूनही जाते.

विरोधातून जमणाऱ्या जोड्या सर्वांत सुंदर. सोतेर्न ही बोर्दोची गोड वाइन, बोट्रायटिस बुरशीने सुकवलेल्या द्राक्षांची. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचे खारट, निळसर बुरशीचे चीज. मीठ आणि मध एकमेकांना उचलून धरतात, आणि वाइनचा आंबटपणा चीजचा चिकटपणा धुऊन नेतो. सांसेर ही फ्रान्समधील लुआर खोऱ्यातील आंबटसर पांढरी वाइन आणि शेजारच्या शाविन्योलचे बकरीच्या दुधाचे चीज ही जोडी एकाच मातीतली. तिथे आंबटाला आंबटच साथ देते.

मुरलेल्या वाइनला वेगळी वागणूक लागते. पुष्कळ वर्षांत टॅनिन साक्याच्या रूपाने तळाशी बसते आणि चव नाजूक होते. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, पिण्याच्या जरा आधी हलक्या हाताने डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचपात्रात, ओतावी आणि साका मानेपर्यंत आला की थांबावे. सोबत मसाले नकोत, दाट सॉस नको. साधे भाजलेले मांस पुरते.