शिडाच्या नौकेवरील पोर्टेबल जनरेटर

शिडाच्या नौकेवर बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी किंवा तात्पुरत्या विजेसाठी वापरला जाणारा, हाताने उचलता येणारा पेट्रोल जनरेटर. साधारण १ ते २ किलोवॉटचे इन्व्हर्टर प्रकारचे (इलेक्ट्रॉनिक मंडलातून स्थिर वीज देणारे) संच यासाठी पसंत केले जातात. नौकेत कायम बसवलेल्या सागरी जनरेटरचा धूर नळीवाटे थेट नौकेबाहेर पडतो. पोर्टेबल संच मात्र जमिनीवरच्या मोकळ्या हवेसाठी बनवलेला असतो आणि धूर स्वतःच्या अंगापाशीच सोडतो. सर्वांत मोठा धोका तिथेच आहे.

या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली लक्षणे. नौकेवर कोणीही म्हणेल की बोट लागली. मग त्या माणसाला पडून राहायला खाली केबिनमध्ये पाठवतात, म्हणजे नेमके विषारी हवेत. शांत पाण्यात नांगरलेल्या नौकेवर दोघातिघांना एकदमच मळमळू लागले, तर आधी जनरेटर बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. साधा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा चांगला दाखवतो. स्वच्छ हवेत आल्यावरही रक्तातील विषाचे प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ बराच कमी होतो.

नांगरलेली नौका सहसा वाऱ्याकडे तोंड करून राहते, म्हणून जनरेटर पिछाडीला ठेवला की धूर मागे निघून जातो, असा हिशेब असतो. भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट असला की हा हिशेब चुकतो. नौका प्रवाहाकडे वळते, वारा मागून येतो आणि धूर कॉकपिटमार्गे (सुकाणूजवळच्या बसायच्या उघड्या जागेतून) केबिनच्या जिन्यात उतरतो. त्यामुळे जनरेटर उघड्या डेकवर, धूर बाहेरच्या दिशेने सोडत ठेवावा, जवळच्या खिडक्या आणि डेकवरची झाकणे बंद करावीत आणि वाऱ्यावर कोणाचे तरी लक्ष असावे. केबिनमध्ये, सामानाच्या खणात किंवा कनातीने झाकलेल्या कॉकपिटमध्ये तो कधीही चालवू नये. सगळे झोपलेले असताना तर नाहीच. प्रत्येक झोपण्याच्या जागी सागरी दर्जाचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवा. लगत बांधलेल्या नौकेतही हा धूर शिरतो, हे विसरले जाते.

शिडाच्या बहुतेक मोठ्या नौकांचे इंजिन डिझेलवर चालते. जनरेटरमुळे तिथे पेट्रोल येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. म्हणून डबा आणि जनरेटर दोन्ही हवेशीर जागी, डेकवर बांधून ठेवावेत. इंधन भरण्याआधी यंत्र बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे.

विजेच्या जोडणीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. किनाऱ्यावरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा निवड-स्विच हवा. शिवाय अनेक पोर्टेबल संचांत न्यूट्रल आणि अर्थिंग आतून जोडलेले नसतात. तेव्हा गळती ओळखून वीज तोडणारे संरक्षण अपेक्षेप्रमाणे चालेलच असे नाही. हे काम नौकांच्या वायरिंगची माहिती असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ८० टक्के भरल्यावर प्रवाह कमी कमी घेऊ लागते. शेवटचा टप्पा सौर पॅनेलवर सोडला, तर जनरेटर सकाळी थोडाच वेळ, सगळे जागे असताना चालवून भागते.