मारोसचं डुक्कर नेमकं किती जुनं?

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मकास्सार शहर सोडून मारोसची वाट धरली, की भातखाचरांतून डोंगर उगवलेले दिसू लागतात. उगवलेलेच म्हणायचे, कारण पायथा, उतार, टेकडी असलं काही मध्ये येतच नाही. चिखलणी संपते तिथे कातळ सरळ उभा. हा मारोस-पांगकेपचा चुनखडीचा प्रदेश. उष्ण कटिबंधातला मुसळधार पाऊस हा दगड युगानुयुगं विरघळवत आला. उरले ते सुटे सुळके आणि त्यांच्या पोटातल्या शेकडो गुहा. इथे गुहेला ‘लेआंग’ म्हणतात.

सकाळी रम्मांग-रम्मांगला नीपा ताडांच्या दाटीतून होडीने फिरता येतं. फोटो झकास येतात, पण माझं मत विचाराल तर तिथे रेंगाळू नये. दिवस राखून ठेवावा तो लेआंग-लेआंगसाठी. खाली लेआंग पेट्टाए आणि लोखंडी जिना चढून गेलं की लेआंग पेट्टा केरे. डोळे अंधाराला सरावले की भिंतीवर लालसर हात दिसू लागतात. हे आपल्याकडच्या कुंकवाच्या हातासारखे ठसे नव्हेत. हात भिंतीला टेकवून त्यावर गेरूचं पाणी तोंडाने फवारलेलं आहे. त्यामुळे रंग हाताभोवती आहे आणि हाताची जागा मोकळी. काही हातांची बोटं तर मुद्दाम निमुळती, नख्यांसारखी केलेली. शेजारी लाल रेघांनी भरलेलं एक रानडुक्कर.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस १८५७ साली मारोसमध्ये काही महिने मुक्काम ठोकून फुलपाखरं गोळा करत होता, पण या चित्रांची नोंद व्हायला १९५० उजाडलं. ती करणाऱ्यांपैकी एक डच पुरातत्त्वज्ञ व्हान हेकेरेन. हा गडी मोठा चिवट. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी म्हणून सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबतानाही त्याने अश्मयुगीन हत्यारं हेरली होती. पुढे बराच काळ अभ्यासकांनी या चित्रांना दहा हजार वर्षांच्या आतलंच ठरवलं. इतक्या दमट हवेत गुहेच्या उघड्या तोंडाशी रंग टिकेल कसा, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता, उत्तर मात्र चुकलं.

गेरू म्हणजे लोहाची माती. त्यात कार्बन नसल्यामुळे वय काढायची कार्बन-१४ पद्धत इथे हात टेकते. पण चुनखडीतून झिरपणारं पाणी चित्रावर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचे दाणे जमवत राहतं. दिसायला अगदी लाह्यांसारखे. या पाण्यात किंचित युरेनियम विरघळलेलं असतं. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे लाही तयार होते तेव्हा तिच्यात युरेनियम असतं, थोरियम नसतं. मग युरेनियम-२३४ चं ठरलेल्या गतीने थोरियम-२३० होत जातं.

जुन्या लग्नघरातलं घटिकापात्र आठवा. बुडाला बारीक भोक असलेली रिकामी वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. किती भरली यावरून वेळ कळते. इथे लाही म्हणजे ती वाटी आणि थोरियम म्हणजे तिच्यात चढणारं पाणी. अडचण एवढीच की धुळीबरोबर थोडं थोरियम आधीच आलेलं असतं, म्हणजे वाटी सोडतानाच ओली. ते किती, हे धुळीबरोबरच येणारं थोरियम-२३२ मोजून ताडतात आणि वजा करतात.

पुरातत्त्वज्ञ मॅक्सिम ऑबेर, अ‍ॅडम ब्रम आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या रीतीने काढलेली वयं प्रसिद्ध केली. लेआंग टिंपुसेंगमधला एक हात निघाला किमान ३९,९०० वर्षांचा. चित्रकलेचा जन्म युरोपातल्या गुहांत झाला, या समजुतीला तेव्हा जबर धक्का बसला. २०२१ मध्ये आलं लेआंग टेडोंग्ङेचं डुक्कर. डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या एका दरीतल्या गुहेत ते आहे. लांबी १३६ सेंटिमीटर, तोंडावर चामखिळी, डोक्यावर ताठ केस, वय किमान ४५,५००.

वाचताना ‘किमान’ या शब्दावरून डोळा सहज घसरतो. वर्तमानपत्रांचा तर हमखास घसरतो. मोजलं जातं ते लाहीचं वय. लाही चित्रावर बसली, म्हणजे चित्र तिच्याआधीचं. पण दहा वर्षं आधीचं की दहा हजार, हे लाही सांगत नाही. लाहीचा वरचा भाग तर आणखी नंतरचा, त्यामुळे नमुन्यात तो मिसळला की सरासरी अलीकडे ओढली जाते. २०२४ मध्ये लेसरने लाहीचे अगदी बारीक ठिपके उडवून, रंगाला चिकटलेला थर वेगळा मोजला गेला. लेआंग बुलू सिपोंग ४ मधलं शिकारीचं दृश्य त्यामुळे ४३,९०० वरून थेट ४८,००० वर गेलं. चित्र तेच, वाटी फक्त नीट वाचली गेली. याच रीतीने लेआंग कारांपुआंगमधलं, डुकराभोवती तीन माणसासारख्या आकृत्या असलेलं चित्र किमान ५१,२०० वर्षांचं ठरलं.

इथे मराठी माणसाला रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं आठवणारच. ही युक्ती तिथे लागू पडत नाही. तिथला दगड जांभा. त्यावर अशा लाह्या धरत नाहीत.

मात्र ज्या पाण्याने मारोसच्या चित्रांचं वय राखलं, तेच आता त्यांच्या मुळावर उठलं आहे. पाण्याबरोबर क्षारही भिंतीत शिरतात. पावसाळ्यात विरघळतात, कोरड्या दिवसांत स्फटिक होऊन फुगतात. जिप्समचे हे स्फटिक रंगाच्या पापुद्र्याखाली वाढले, की पापुद्रा भिंतीपासून सुटतो. आपल्याकडे ओल आलेल्या भिंतीचा चुना पोपडे धरून पडतो, तसाच. २०२१ च्या एका अभ्यासात अकरा गुहांतले पापुद्रे तपासले, तेव्हा काहींत हे क्षार सापडले. ओल्या-कोरड्याच्या या हेलकाव्यांना तापणारं हवामान आणि तीव्र एल निनो जोर देत असल्याचं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. बरीच वर्षं गुहांची राखण करणारे स्थानिक लोकही सांगतात, की पोपडे पूर्वीपेक्षा भराभर पडताहेत. त्यात ही चुनखडी सिमेंटच्याही कामाची; बुलू सिपोंगची गुहा तर सिमेंट कारखान्याच्या हद्दीतच आहे.

पापुद्रा गळतो तेव्हा रंग जातोच, पण त्यावर बसलेल्या लाह्याही जातात. या प्रदेशात चित्रं असलेल्या तीनशेहून अधिक गुहा ठाऊक आहेत, आणि आतापर्यंत वय मोजून झालंय ते त्यांतल्या मोजक्याच गुहांचं.