एकाच वर्गात दोन फिया: अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आणि परराज्यातला विद्यार्थी

इंडियानातलं परड्यू आणि इलिनॉयचं अर्बाना-शँपेन ही दोन विद्यापीठं एकमेकांपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. दोन्ही सरकारी, दोन्ही इंजिनिअरिंगसाठी नावाजलेली, दोन्ही ‘बिग टेन’ या क्रीडासंघटनेत १८९६ पासून. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या एखाद्या मुलीला दोन्हींकडून प्रवेशाचं पत्र आलं की घरात रँकिंगच्या याद्या उघडल्या जातात. त्यात चार-दोन क्रमांक इकडेतिकडे, आणि निर्णय तिथेच अडकतो. मला वाटतं, त्या यादीत जे कधीच येत नाही तेच आधी पाहावं: या राज्याचं बाहेरून येणाऱ्यांशी, म्हणजे स्थानिकांपेक्षा जास्त फी भरणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्यांशी, नातं कसं आहे? हे नातं दीडशे वर्षांत घडत गेलं आहे आणि प्रत्येक राज्यात वेगळं आहे.

ही विद्यापीठं इतकी सारखी का दिसतात, याचं उत्तर एका कायद्यात आहे. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. अमेरिकी संसदेतल्या प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागे त्या राज्याला ३०,००० एकर जमीन मिळणार होती. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज उभं करायचं, अशी अट. इलिनॉयच्या वाट्याला ४,८०,००० एकर आले, इंडियानाच्या ३,९०,०००. १८६७ मध्ये अर्बानाला ‘इलिनॉय इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी’ स्थापन झाली. १८६९ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने जॉन परड्यू या व्यापाऱ्याची दीड लाख डॉलरची देणगी स्वीकारली आणि त्याचं नाव नव्या कॉलेजला दिलं. एकाच साच्यातून निघालेली ही भावंडं आहेत.

पण ही जमीन इलिनॉयमधली किंवा इंडियानातली नव्हती. ज्या राज्यांत केंद्राची पुरेशी जमीन उरली नव्हती, त्यांना कागदी हक्कपत्रं मिळाली आणि त्यांच्या बदल्यात दूर पश्चिमेकडच्या जमिनी गेल्या. या कायद्याखाली देशभर मिळून सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन वाटली गेली. ती मूळची आदिवासी जमातींची, करारांनी, दडपशाहीने किंवा युद्धांत त्यांच्याकडून घेतलेली. आज ‘ही आमच्या राज्याची संस्था, बाहेरच्याने जास्त द्यावं’ असं म्हटलं जातं तेव्हा हे आठवतं. पायाभरणीचा पैसा घरचा नव्हताच.

तरीही त्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण पुढचा रोजचा खर्च राज्याच्या करदात्यांनी उचलला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८ च्या स्थापना कायद्यातच राज्यातल्या रहिवाशांना फी नको, असा हेतू लिहिला होता. बाहेरच्यांसाठी असं वचन नव्हतं. त्यांच्याकडून वेगळी फी घेण्याला १९२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली.

मग प्रश्न उरला तो रहिवासी कोणाला म्हणायचं हा, म्हणजे आपल्याकडच्या डोमिसाइलसारखाच. मिनेसोटाची एक वर्ष वास्तव्याची अट १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकली. दोन वर्षांनी, ‘व्लांडिस विरुद्ध क्लाइन’ खटल्यात, कनेक्टिकटचा नियम मात्र कोसळला. अर्ज करताना ज्याचा पत्ता बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा तो नियम होता. खटल्यातली एक विद्यार्थिनी लग्न होऊन कॅलिफोर्नियातून तिथे आली होती. तिच्याकडे कनेक्टिकटचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं, गाडीची नोंदणी तिथली, मतदार यादीत नावही तिथे. न्यायालय म्हणालं, आपल्या रहिवाशांना सवलत द्यायचा राज्याला हक्क आहे, पण आपण इथलेच आहोत हे सिद्ध करण्याची संधी नाकारता येणार नाही.

या निकालाचा अर्थ अनेक कुटुंबं चुकीचा लावतात. ‘एक वर्ष बाहेरची फी भरू, मग इथलेच होऊ’ हा हिशेब क्वचितच जमतो. बहुतेक राज्यं पालक कुठे राहतात ते पाहतात, आणि केवळ शिकायला आल्याने झालेलं वास्तव्य धरत नाहीत. त्यामुळे चारही वर्षांची फी बाहेरच्या दरानेच धरून तुलना करावी. आशेवर घेतलेलं कर्ज फार जड जातं.

२००८ च्या मंदीनंतर चित्र पालटलं. राज्यांनी अनुदानं कापली आणि जास्त फी भरणारा परराज्यातला विद्यार्थी हा उत्पन्नाचा आधार झाला. अलाबामा विद्यापीठ त्याआधीपासूनच, २००३ नंतर, गुणवत्तेवर मोठ्या शिष्यवृत्त्या देऊन बाहेरची मुलं ओढत होतं. तिथे पुढे बाहेरच्यांचंच बहुमत झालं. दुसरीकडे नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्येच पहिल्या वर्षात बाहेरच्यांना १८ टक्क्यांची मर्यादा घातली होती. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये तशीच मर्यादा आणली, आणि बर्कलीसारखे जे कॅम्पस आधीच तिच्या वर होते त्यांना आहे त्याच प्रमाणावर थांबवलं. विस्कॉन्सिनने उलट केलं. २०१५ मध्ये आपल्या मॅडिसन कॅम्पसची २७.५ टक्क्यांची मर्यादा उठवली आणि बदल्यात राज्यातल्या किमान ३,६०० मुलांना दर वर्षी घेण्याचं वचन घेतलं. या प्रत्येक आकड्यामागे ‘आमच्या मुलांच्या जागा गेल्या’ म्हणणारे स्थानिक पालक आहेत, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो.

शेजारी राज्यांनी आपसात वाटा काढल्या. पश्चिमेकडच्या राज्यांच्या योजनेत स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांचा करार तर १९६० च्या दशकापासूनचा. मात्र ज्या कॅम्पसना आयतीच मागणी आहे ते अशा योजनांपासून बहुधा लांबच राहतात.

आता पुन्हा त्या दोन पत्रांकडे. परड्यूने २०१३ मध्ये, मिच डॅनियल्स अध्यक्ष झाल्यावर, फी गोठवली. त्यानंतर दहाहून अधिक वर्षं ती स्थानिकांना ९,९९२ आणि परराज्यातल्यांना २८,७९४ डॉलरच्या आसपासच राहिली. इंजिनिअरिंगचा जादा आकार वेगळा. इलिनॉयमध्ये २००३ च्या कायद्याने राज्यातल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीचा दर चार वर्षांसाठी बांधून दिला. आपल्याला तो लागू आहे का, हे बाहेरच्याने प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं. शिवाय जुलै २०१५ पासून दोन वर्षं इलिनॉयला पूर्ण अर्थसंकल्पच मंजूर करता आला नव्हता, आणि त्याची झळ विद्यापीठांना बसली. राज्याची तिजोरी हलली की बाहेरच्याचा दरही हलू शकतो, म्हणून हा इतिहासही पाहून ठेवावा.

शेवटचा फरक अगदी वर्गातला आहे. इलिनॉय इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला थेट शाखेत घेतं. परड्यूत पहिलं वर्ष सगळ्यांचं सामायिक, शाखा त्यानंतर. जिला मेकॅनिकलच हवं हे पक्कं आहे, तिला इलिनॉयच्या प्रवेशपत्रातच उत्तर मिळालेलं असतं. जिचं ठरलेलं नाही तिने परड्यूत पहिल्या वर्षानंतर शाखा कशी मिळते आणि इलिनॉयमध्ये शाखा बदलणं कितपत शक्य आहे, हे दोन्ही विचारावं. शाखा बदलताना एक जादा सेमिस्टर गेलं, तर स्थानिक मुलाला ते एका दराने पडतं आणि हिला जवळपास तिप्पट.