प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन

धरण, कालवा, वीजकेंद्र, खाण, महामार्ग, नवे नगर अशा कामांसाठी ज्यांची शेती किंवा घर शासनाने संपादन केले, त्यांना अन्यत्र जमीन, गावठाण व उपजीविकेचे साधन मिळवून देण्याची व्यवस्था. मोबदला आणि पुनर्वसन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोबदला जमिनीत कायदेशीर हितसंबंध असलेल्याला मिळतो. पुनर्वसन मात्र गावात राहणाऱ्या सर्वांचे व्हावे लागते, मग तो कूळ असो, शेतमजूर असो की बलुतेदार. स्वातंत्र्योत्तर भारतात २००४ पर्यंत सुमारे ६ कोटी लोक विस्थापित किंवा बाधित झाले, असा वॉल्टर फर्नांडिस यांचा अंदाज आहे. लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने त्यांत आदिवासींचा वाटा फारच मोठा आहे.

पूर्वपीठिका : १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार शासनाला दिला. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) आणि ताबा हा त्याचा क्रम. हरकती ऐकून घेण्याची तरतूद (कलम ५-अ) १९२३ मध्ये आली. सक्तीच्या संपादनापोटी द्यावयाची दिलासा रक्कम प्रथम बाजारभावाच्या १५ टक्के होती; १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. विस्थापितांना पर्यायी जमीन देण्याचे बंधन मात्र या कायद्याने शासनावर कधीच घातले नाही.

तत्त्वाचा उगम : ‘जमिनीला जमीन’ हे तत्त्व प्रथम कोठे मान्य झाले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक पुणे जिल्ह्यातील मुळशी सत्याग्रहाकडे बोट दाखवतात. निळा-मुळा संगमावरील टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध रामनवमीच्या मुहूर्तावर (१६ एप्रिल १९२१) मावळ्यांनी, म्हणजे त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी, हा लढा सुरू केला आणि तो सुमारे तीन वर्षे चालला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने मिळाली. परंतु सत्याग्रहींची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. त्यांना आपलीच जमीन राखायची होती, दुसरी मागायची नव्हती. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे होती. त्यांनी पुढे मोबदला स्वीकारला आणि कसणाऱ्या कुळांच्या हाती फारसे काही आले नाही. म्हणून मुळशी हा विस्थापनविरोधी लढ्याचा आरंभ ठरतो; त्याला पुनर्वसनाच्या हक्काचा उगम म्हणणे ओढूनताणून होते.

दुसरे मत नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत झालेला तंटा सोडवणाऱ्या नर्मदा जलविवाद लवादाला मान देते. लवादाचा निवाडा १९७८ चा, अंतिम आदेश डिसेंबर १९७९ चा. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला किमान २ हेक्टर (सुमारे पाच एकर) ओलिताखालील जमीन द्यावी, आणि बुडितापूर्वी पुनर्वसन पुरे व्हावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सज्ञान मुलगा तेथे स्वतंत्र कुटुंब धरला गेला; सज्ञान मुलीचा मात्र उल्लेख नाही.

कालक्रम पाहता महाराष्ट्राचा १९७६ चा प्रकल्प विस्थापित पुनर्वसन अधिनियम या निवाड्याच्या आधीचा आहे. देशातील या प्रकारचा पहिला राज्य कायदा म्हणून तोच सामान्यतः ओळखला जातो. त्यामागे कोयना धरणाचा अनुभव होता. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्याचा शिवसागर जलाशय भरू लागला, तेव्हा विस्थापितांची पांगापांग सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा (आताचा रायगड) व ठाणे या जिल्ह्यांत झाली. ज्या काहींनी पाण्याच्या वरच्या अंगाला सरकून खोरे सोडले नाही, त्यांच्यावर १९८५ चे कोयना अभयारण्य आणि २०१० चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांमुळे पुन्हा उठण्याची पाळी आली. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथ अण्णा नायकवडी आणि पुढे कृष्णा खोऱ्यात भारत पाटणकर यांनी धरणग्रस्तांना संघटित केले. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी याच चळवळीने रुजवली.

कायद्याची रचना : १९७६ च्या अधिनियमाची जागा १९८६ च्या आणि नंतर १९९९ च्या महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियमाने घेतली. गाभा तोच राहिला. बुडित वा बाधित क्षेत्रातील माणसांना लाभक्षेत्रात, म्हणजे ज्यांना धरणाचे पाणी मिळणार त्यांच्या गावांत, जमीन द्यायची. त्यासाठी लाभक्षेत्रातील ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धारणा असलेल्यांकडून काही जमीन घेतली जाते. बोलीभाषेत या मर्यादेला ‘स्लॅब’ म्हणतात (‘चार एकराचा स्लॅब’, ‘आठ एकराचा स्लॅब’). अधिसूचना निघताच अशा जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध येतात आणि सातबाराच्या इतर हक्कांत ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पडतो. ज्याचे पाणी, त्यानेच बुडणाऱ्याला सामावून घ्यावे, ही यामागची न्यायबुद्धी आहे. भारतातील इतर भूसंपादन कायद्यांत ती इतक्या स्पष्टपणे क्वचितच आढळते.

अंमलात अडचण पैशाची येते. पर्यायी जमिनीसाठी मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम आधी शासनाकडे भरावी लागते. निवाडा झाला त्या वेळी ही रक्कम कापून घेतली गेली नाही किंवा भरायची राहिली, तर पुढे जमिनीचा हक्कच नाकारला जातो. हातात आलेला मोबदला तोवर लग्न, आजारपण, कर्ज यांत संपलेला असतो, आणि ही अट नेमकी गरिबालाच बाद करते. मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असते. नव्या गावठाणात रस्ता, पिण्याचे पाणी, शाळा, स्मशानभूमी अशा १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते.

नवी मुंबईत ही चौकट लागू पडली नाही, कारण तेथे लाभक्षेत्रच नव्हते. ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्याचे फलित होय.

सरदार सरोवर : गुजरातेत नर्मदेवर बांधलेल्या या धरणाने महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे पहिल्यांदा बुडालेले गाव (१९९३). तळोदा तालुक्यातील वनजमिनीवर वसाहती वसवण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी धरणाचे काम टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यास, पुनर्वसनाच्या अटींसह, परवानगी दिली.

२०१३ चा कायदा : १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने मोबदला, पुनर्वसन व पुनर्स्थापना प्रथमच एका चौकटीत आणली. सामाजिक परिणामांचा अभ्यास अनिवार्य झाला. खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. दिलासा रक्कम १०० टक्के झाली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रावर उपजीविका करणारे भूमिहीनही बाधित कुटुंब ठरले. सिंचन प्रकल्पात बुडितापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे. जमिनीच्या बाबतीत मात्र हा कायदा मागे सरकतो. सिंचन प्रकल्पात ‘शक्यतो’ किमान एक एकर लाभक्षेत्रातील जमीन द्यावी, एवढेच दुसऱ्या अनुसूचीत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मर्यादा अडीच एकरांची. नर्मदा लवादाने या कायद्याच्या ३५ वर्षे आधी पाच एकर ठरवले होते. राज्याचा कायदा अधिक लाभदायी असेल तर तो निवडण्याची मुभा कलम १०८ मध्ये आहे, आणि महाराष्ट्रात तिचे महत्त्व मोठे आहे.

या कायद्याच्या कलम २४(२) वरून दीर्घ वाद झाला. निवाड्याला पाच वर्षे होऊनही ताबा घेतला नाही ‘किंवा’ मोबदला दिला नाही, तर जुने संपादन व्यपगत होते (आपोआप रद्द ठरते), असे मूळ शब्द. पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने मोबदला प्रत्यक्ष दिला गेला पाहिजे किंवा न्यायालयात जमा झाला पाहिजे, असे म्हटले. केवळ सरकारी तिजोरीत ठेवणे पुरेसे नव्हे. घटनापीठाने ६ मार्च २०२० रोजी हा निर्णय बदलला आणि ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ या अर्थाने वाचला. म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, अशा दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संपादन व्यपगत होते.