गरोदरपणात गोचीड चावली तर? लाइम डिसीजबद्दल थोडं

न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर, आणि तिकडे मे ते जुलै म्हणजे बॅकयार्ड, ट्रेल, पिकनिकचा सीझन, नेमका तोच काळ लाइम (गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग) पसरवणाऱ्या गोचिडीच्या पिल्लांचाही. खसखशीच्या दाण्याएवढं पिल्लू, चावलं तरी दुखत नाही, मग कळणार कसं! त्याच्यातून बोरेलिया नावाचा पिळदार जंतू आपल्या रक्तात येतो, पण सहसा गोचीड 24 तासांच्या वर चिकटून राहिली तरच, म्हणून रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघायचं आणि दिसली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. व्हॅसलिन, काडेपेटी वगैरे उद्योग नकोत.

आता बाळाचं. सिफिलिसचा जंतू याच घराण्यातला आणि तो वारेतून बाळापर्यंत जातो हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे लाइमचीही भीती होतीच, आणि 1985 मध्ये एक केस छापून आली ज्यात आईला पहिल्या तिमाहीत लाइम झाला, उपचार झाले नाहीत, बाळ हृदयाच्या दोषामुळे गेलं आणि त्याच्या शरीरात तसे जंतू सापडले. तो दोष जंतूंमुळेच होता असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. उपचार न केलेला लाइम वारेपर्यंत पोचू शकतो, बाळाला लागण होणं शक्य आहे पण दुर्मिळ, आणि वेळेत योग्य अँटिबायोटिक मिळालं तर बाळाला जास्तीचा धोका दिसलेला नाही.

गंमत अशी की "प्रेग्नन्सीत गोळ्या नकोत बाई" हे आपल्याकडचं आवडतं वाक्य इथे उलटं पडतं, कारण धोका गोळी न घेण्यात आहे. लाइमवरचं नेहमीचं अँटिबायोटिक, डॉक्सीसायक्लिन, गरोदरपणात शक्यतो टाळतात, त्याऐवजी अमॉक्सिसिलिन किंवा सेफ्युरोक्झिम देतात, साधारण दोन आठवडे.

चावल्यावर 3 ते 30 दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा उठला की लगेच डॉक्टर गाठा, रक्ततपासणीची वाट बघू नका, सुरुवातीला ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. आणि फोटोतला तो गोल-गोल टार्गेटसारखा चट्टा प्रत्येकाला उठतोच असं नाही, आपल्या सावळ्या कातडीवर तर तो नुसता डाग वाटून सुटून जातो, तेव्हा डॉक्टरला गोचिडीचं स्वतःहून सांगा. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी एक, दुधातून लाइम गेल्याची नोंद नाही.