अमारोने : माळ्यावर घडणारी वाइन

इटलीतील वेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ टापू आहे. कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला ही तिथली द्राक्षे तोडून लगेच चिरडली, तर चेरीच्या चवीची, हलकी, रोजच्या जेवणासोबत चालणारी लाल वाइन मिळते. तीच द्राक्षे सुमारे १०० ते १२० दिवस माळ्यावर सुकवून मग आंबवली, तर गडद, घट्ट आणि बहुधा १५-१६ टक्के अल्कोहोल असलेली अमारोने तयार होते. तिचा दमदारपणा वेलीवर कमी आणि माळ्यावर अधिक घडतो.

नुसते पाणी उडवायचे असते, तर एवढे दिवस लागलेच नसते. आपल्याकडे सांगली-तासगाव भागात बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते आणि शेडमधील जाळ्यांवर दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. वाल्पोलिचेल्लात मात्र त्या मेणाला हात लावत नाहीत. हवा खेळावी म्हणून विरळ मण्यांचे घड निवडून ते बांबूच्या मांडण्यांवर किंवा उथळ पेट्यांत एकाच थरात मांडले जातात आणि थंडी वाढत असताना त्यांचे वजन साधारण एक तृतीयांशाने घटते.

तोडलेले द्राक्ष या काळात जिवंतच असते. त्याच्या पेशी श्वसन करत राहतात आणि त्यात आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल खर्च होते. म्हणून साखर दाट होत गेली तरी आंबटपणा त्याच प्रमाणात वाढत नाही. पाण्याच्या ताणामुळे स्टिल्बीन वर्गातील संयुगे बनवणारी जनुकेही सक्रिय होतात आणि त्यांपैकीच एक, आरोग्यदायी म्हणून गाजलेल्या रेस्व्हेराट्रॉलचे प्रमाण वाढते. त्यावरून ही वाइन औषधी ठरवण्याची घाई मात्र करू नये. १६ टक्के अल्कोहोल हे शेवटी १६ टक्के अल्कोहोलच असते.

एक टक्का अल्कोहोलसाठी लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे १६ टक्क्यांसाठी सुमारे २७० ग्रॅम. ऐन हिवाळ्यात द्राक्षे चिरडली जातात तेव्हा हा रस इतका दाट असतो की तो यीस्टच्या पेशींतील पाणीच बाहेर ओढू लागतो. बचावासाठी यीस्ट ग्लिसरॉल हा गोडसर, दाट पदार्थ तयार करते आणि त्याचा बराचसा भाग वाइनमध्ये उतरतो. थंडी आणि वाढते अल्कोहोल यांपुढे यीस्ट मध्येच थंडावले, तर साखर शिल्लक राहते आणि रेचोतो ही गोड वाइन होते. ती अमारोनेहून कितीतरी जुनी. विसरलेल्या पिंपातील रेचोतो पूर्ण आंबून कडसर झाली आणि त्यातून १९३६ साली अमारोने हे नाव पडले, अशी कथा तिथे सांगतात. ‘अमारो’ म्हणजे कडू.

अशा वाइनसोबत काय खावे, याचे उत्तरही रसायनशास्त्रातच सापडते. द्राक्षांच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये आलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड तुरट पडते. घासात मांसाची प्रथिने आणि स्निग्धांश असले, तर टॅनिनचा काही भाग तिकडेच अडकतो आणि तुरटपणा बोथट होतो. वेरोनात लाल वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेले घोड्याचे मांस, पास्तिस्सादा, याच्या जोडीला अमारोने पितात, तर तांदळाच्या रिसोत्तोत ती थेट ओततात. मुरलेल्या पार्मिज्यानो चीजमधील मीठ कडूपणा दाबते. मला ही जोडी सर्वांत निर्धोक वाटते.

झणझणीत रश्श्यासोबत मात्र ही वाइन जुळत नाही. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या ज्या टीआरपीव्ही-१ ग्राहीला (चेतापेशीवरील संवेदक प्रथिनाला) चेतवते, त्याचाच उष्णतेचा उंबरठा अल्कोहोलमुळे सुमारे ४२ अंश सेल्सिअसवरून ३४ अंशांपर्यंत उतरतो. शरीराचे स्वतःचे तापमानही मग जिभेला चटका वाटू लागते. कमी तिखटाचे, दाट रश्श्याचे मटण त्यापेक्षा बरे. ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ ही युरोपीय सूचनाही आपल्या ३० अंशांच्या खोलीत शब्दशः पाळू नये, कारण तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलची वाफ बाकीचे सुगंध झाकून टाकते. बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून १८ अंशांच्या आसपास आणली, की चेरी आणि मनुकांचा वास आधी जाणवतो.