त्रास मूत्राशयाचा आणि सुई घोट्याजवळ, असं का?

सारखी लघवीला लागणं, एकदा लागली की बाथरूमपर्यंत पोचायचाही धीर न निघणं, रात्री तीन-चार वेळा उठायला लागणं. हा त्रास असलेली माणसं डॉक्टरकडे लवकर जातच नाहीत. लाज वाटते, मग कोणी वर्षानुवर्षं पॅड वापरतं तर कोणी घराबाहेर पडायच्या आधी पाणीच पीत नाही, आणि याचं खरंच वाईट वाटतं कारण गोळ्यांनी नाही भागलं तरी पुढे उपाय आहेत आणि त्यातला एक तर ट्रेनिंग घेतलेली नर्सही देऊ शकते. टिबियल नर्व्ह स्टिम्युलेशन म्हणतात त्याला, म्हणजे पायातल्या एका नर्व्हला सुईतून हलका करंट द्यायचा.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. दीडशे-दोनशे मिली झाली की पहिली जाणीव होते पण आपण थांबू शकतो, कारण मेंदू त्या पिशवीच्या स्नायूला आवरून धरतो. ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या त्रासात, पिशवी भरायच्या आधीच तो स्नायू आवळायला लागतो.

आता पायाचा काय संबंध? घोट्याच्या आतल्या बाजूने जी टिबियल नर्व्ह जाते तिची मुळं आणि मूत्राशयाच्या नर्व्हची मुळं कण्याच्या अगदी खालच्या भागात एकाच ठिकाणी येतात, म्हणून पायातून दिलेला हलका करंट तिथपर्यंत पोचतो आणि मूत्राशयाला मिळणारे चुकीचे सिग्नल हळूहळू शांत होतात असं मानलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले युरोलॉजिस्ट मार्शल स्टोलर यांनी ही पद्धत पुढे आणली, २००० साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि मशीन तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, हा करंट देणाऱ्या मशीनला परवानगी दिली.

मशीन छोटंसं असतं, ते चालवायला शिकणं काही अवघड नाही. हाताला वळण लागावं लागतं ते जागा शोधायला. आतल्या घोट्याच्या हाडापासून तीन बोटं वर, नडगीच्या हाडाच्या जरा मागे, केसासारखी बारीक सुई तिरपी आत सारायची, त्याच पायाच्या टाचेजवळ इलेक्ट्रोडचा स्टिकर लावायचा आणि करंट एकेक पायरी वाढवत नजर पायाच्या बोटांवर ठेवायची. अंगठा वाकला, बोटं पंख्यासारखी पसरली किंवा पेशंट म्हणाला की तळव्याला मुंग्या येतायत, तर नर्व्ह सापडली. नुसतं सुईपाशीच टोचतंय असं म्हणाला तर जागा चुकली, सुई काढून परत लावायची. नीट लागली की करंट थोडा कमी करून ३० मिनिटं तसंच बसवायचं. आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण सुईच्या आधीचं आहे. लघवीत इन्फेक्शन तर नाही ना, पेसमेकर बसवलाय का, बाई गरोदर आहे का, रक्त लवकर थांबत नाही असं काही आहे का, हे सगळं आधी विचारून तपासून घ्यायचं. आणि तीन दिवसांची डायरी लिहायला लावायची, किती वाजता गेलात, किती मिली झाली, वाटेत गळली का. हे प्रश्न विचारताना नर्सच अवघडली तर समोरचा माणूस खरं सांगणारच नाही.

उपयोग किती होतो? २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात २२० लोक होते, खरी ट्रीटमेंट मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्के लोकांना बरीच सुधारणा जाणवली आणि नुसतं नाटक केलेल्या ट्रीटमेंटमध्ये २०.९ टक्के लोकांना. म्हणजे सगळ्यांना गुण येतो असं नाही, आणि ते पेशंटला आधीच स्पष्ट सांगायला हवं. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचं इंजेक्शन हा दुसरा पर्याय आहे, पण ते दुर्बिणीतून थेट मूत्राशयात द्यावं लागतं आणि त्यानंतर काहींची लघवी अडते, मग काही दिवस स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायची वेळ येते. घोट्याच्या सुईने फार तर थोडं रक्त येतं किंवा जागा दुखते.

फरक दिसायला पाच-सहा आठवडे सहज जातात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर चौथ्या आठवड्यात पेशंट कंटाळून यायचा बंद होतो. म्हणून १२ आठवड्यांनी परत डायरी भरून घेतात आणि पहिल्या डायरीशेजारी ठेवून बघतात. ज्यांना गुण आला त्यांना पुढे साधारण महिन्याला एकदा यावं लागतं.